आईच्या कपाळावरचं गोंदण

कारभारीभाऊ,

हे पत्र टाकणार न्हाई. तुझ्यावर तिकीट कशाला वाया घालू?

आईच्या तेराव्यासाठी तू डिजिटल कॅमेऱ्यातला फोटो माझ्या स्टुडिओत पाठवला. भर उन्हात काढलेला, चेहरा पिठासारखा पांढराफेक. वर फोनवर हुकूम, "कम्प्युटरवर जरा डार्क कर." केला. जिथं काही उमटलंच न्हाई, तिथं डार्क केलं की राख फासल्यासारखं दिसतं, साहेब. मंग डोळे, सुरकुत्या मी आठवणीनं काढल्या. गोंदणही पाठ होतं, तरी तू थोरला म्हणून विचारलं, कपाळावर कसं काढू?

तू म्हणाला, "आईला गोंदण होतं?"

तेराव्याला जल्दी ये. फोटोखाली नाव मोठ्या अक्षरात टाकलंय, तुला आई ओळखू यावी म्हणून.

तीर्थपुरीहून,
कुशावर्ता