उलट्या रेषांच्या फळ्या

चि. धाकटीस, दादाचा मायेचा आशीर्वाद.

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय. डाव्या हातानं लिहितोय, घाबरू नकोस. जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आई गेल्याचं तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ते खिशात घातलं आणि कराटेच्या वर्गासाठी परीक्षेच्या फळ्या कापायला बसलो. फळी दोन हातांत धरतात. लाकडाच्या रेषा या हातापासून त्या हातापर्यंत गेल्या, तर पैलवान आला तरी ती मोडत नाही. रेषा वरून खाली उभ्या असल्या, तर लेकरूही मोडतं. बारा वर्षं हेच करतोय, आणि त्या दिवशी आठच्या आठ उलट्या कापल्या.

परीक्षेत पहिल्याच मुलीची फळी मोडली नाही, हात सुजला. बर्फ धरून म्हणते, "काका, माझ्यावर कसला राग काढलात?" सगळे हसले. मीही हसलो.

कराटेचे सर नेहमी सांगतात, फळी मोडली तर हाताला लागत नाही. नाही मोडली, तर सगळा मार हातातच परत येतो. वर्ग सुटल्यावर मी त्यातल्याच एका फळीवर बुक्की मारली. बोटं टम्म फुगली, पण दुखलं म्हणशील तर काहीच नाही. सरांनी हात पाहिला, तेव्हा कुठे मी पत्राचं सांगितलं. "काका, घरी जा," एवढंच म्हणाले.

पुढच्या शनिवारी पोचतो. आईची खाट हलवू नकोस. आणि दारातच रडू नकोस गं, आधी मला आत येऊ दे.

तुझाच,
दादा