हळूची पाटी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (उभ्याउभ्याच करतो आहे, कारण गेल्या रविवारपासून मला बसवत नाही. पत्रही खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितो आहे आणि मध्येच दारापर्यंत जाऊन येतो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून तोच रात्रभर घर राखतो आहे? इकडे सगळ्यांची तब्येत उत्तम आहे. तुझी भाची भुंगा मोटारींच्या शर्यतीत पहिली आली, एकही हाड मोडलेलं नाही, आणि तरीही घरात कुणी धड जेवत नाही. हिने केलेला स्वयंपाक मी आणि भुंगा एकमेकांच्या ताटात वाढतो आणि उठतो. हे असं का, ते सांगायलाच बसलो आहे, म्हणजे उभा आहे.

शर्यत मैदानात नव्हती, भर शहरात होती, आणि नेमकी त्याच रस्त्यांवर जिथे मी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली. औषधांच्या दुकानापासून सुटायचं, बँकेकडे उजवीकडे वळायचं, शाळेसमोरून सरळ जायचं आणि टपाल कचेरीला वळसा घालून परत यायचं. शाळेसमोरचा गतिरोधक तुला आठवत असेल. तो मी अर्ज करकरून बसवून घेतला होता. (नगरपालिकेतला कारकून मला लांबून पाहिलं की जेवायला निघून जायचा, मग सकाळचे दहा का वाजले असेनात.) तो गतिरोधक या शर्यतवाल्या लोकांनी एका सकाळी खरवडून काढला. पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे काळ्या रंगाने बुजवले, 'पुढे शाळा आहे' या फलकाला गोणपाट गुंडाळलं आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे ठोकळे लावून वर जाळी ठोकली. बँकेच्या वळणावरचा सिग्नल बंद करायला मात्र विसरले. तो बिचारा शर्यतभर लाल होत होता, पिवळा होत होता, आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी बघत होतो. लाल झाला की मी थांबत होतो, म्हणजे चालतच होतो, पण तेवढ्यापुरता थांबत होतो.

या गाड्या एका माणसाच्या असतात. छप्पर नाही, दार नाही, चाकं अंगाबाहेर, आणि शेजारी बसायला जागाच नाही. माझी खरी अडचण तिथे आहे. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि माझा पाय इतकी वर्षं त्या ब्रेकवर राहिला आहे. शिकणाऱ्याने काहीही गोंधळ घातला तरी मी आहे, हा त्याला भरवसा आणि मलाही. मोठ्या शर्यतीला जाण्याआधीची ही लहान मुलांची पायरी, असं संघाचा मॅनेजर म्हणाला होता, तेव्हा मी समजलो की वेगही लहान असेल. लहान फक्त चालवणारी होती.

आता पणाला काय लागलं होतं ते ऐक. आमच्या संघात दोन गाड्या. एक भुंग्याची आणि दुसरी ज्या मुलाची त्याला सगळे गुणी म्हणतात, कारण तो सांगितलेलं ऐकतो. (आमच्या भुंग्याला कुणी चुकूनही तसं म्हणणार नाही.) पुढच्या वर्षी संघ दोघांतल्या एकालाच वरच्या गाडीत बसवणार, आणि या शेवटच्या शर्यतीत जो दुसऱ्याच्या पुढे येईल तो. मागे राहील त्याने घरी जायचं. घरी आलीस तर माझ्याबरोबर शिकवायला लाग, असं मी एकदा प्रेमाने म्हणालो होतो, तर पोरीने तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

शर्यतीच्या दिवशी मी गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होतो. नट घट्ट आहेत ना, असं मी मेकॅनिकला विचारलं. नंतर पुन्हा विचारलं. मग त्याचा पाना सापडेना, तो माझ्या खिशात सापडला. तो तिथे कसा गेला हे मला खरोखर माहीत नाही. शेवटी मला एका जागी खिळवून ठेवायचं म्हणून मॅनेजरने माझ्या हातात पाटी दिली. सरळ रस्त्याच्या कडेला एक बुटकी भिंत असते, तिच्यावरून ही पाटी बाहेर धरायची आणि येणाऱ्या चालकांनी ती वाचायची. एरवी गाडीतून बोलायची सोय असते, पण त्या यंत्राचा घसा सकाळपासून बसला होता. माझ्याजवळ खुंट्यांवर दोन पट्ट्या टांगलेल्या होत्या. एकीवर 'जोर' आणि दुसरीवर 'हळू'. पुढे अपघात वगैरे झाला तर 'हळू' लावायचं. इतकं सोपं काम माझ्या हातून बिघडणार नाही असं मॅनेजरला वाटलं. त्याची माझी ओळख नवीन आहे.

गुणी सगळ्यांच्या पुढे होता आणि भुंगा त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून. शेवटचे काही फेरे उरले तेव्हा मॅनेजर ओरडला की आता दोघांना 'जोर' दाखवा. मी मान डोलावली. तेवढ्यात ती दोघं टपाल कचेरीच्या वळणातून बाहेर पडली. ताई, ज्या वळणावर मी लोकांना दुसरा गिअर टाकायला लावतो, तिथून माझी मुलगी भिंतीला चाटून ज्या वेगाने आली तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. हात खुंटीकडे गेला आणि मी पाटी बाहेर धरली. मॅनेजरच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की मी 'हळू' धरली आहे.

गुणीने वाचलं आणि गुणी असल्यामुळे ऐकलं. त्याने पाय उचलला. भुंगा त्याच्या बाजूने सूं करत निघून गेली ती शेवटपर्यंत पुढेच राहिली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पाटी पोटाशी धरून गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसलो. ते माझं शेवटचं बसणं. मला वाटलं, पोर येईल आणि म्हणेल, बाबा, यापुढे माझ्या शर्यतीला येऊ नका. ती हेल्मेट काखेत घेऊन आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पाटी बघितली मी. तुमचीच आहे हे लगेच ओळखलं. बाबा हळू म्हणतायत म्हणजे मी बरोबर चाललेय, असं म्हटलं आणि दाबली गाडी."

ताई, हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हटलं असेल त्याला गणती नाही. माझ्या हळूचा तिला उपयोग झाला. चालेल, उलटा झाला, पण झाला. शेजारी, दूधवाला, माझे शिकाऊ, सगळ्यांना सांगून झालं. एक शिकाऊ तर म्हणाला, सर, कळलं, आता क्लच सोडू का?

पण हेच वाक्य गुणीच्या आईनेही ऐकलं आणि ती वकील आहे. तिची तक्रार अशी की बापलेकीचं आधी ठरलं होतं. बापाने 'हळू' दाखवायचं, तिच्या मुलाने फसायचं आणि पोरीने पुढे जायचं. मुलीला पाटीचा खरा अर्थ ठाऊक होता हे तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, असं तिने लेखी दिलं आहे. येत्या शनिवारी शर्यतीची समिती बसणार आहे. कट होता असं ठरलं तर पहिला नंबर जाईल आणि वरची गाडीही जाईल. भुंगा नुसती सायकल काढते आणि तासभर कुठेतरी जाऊन येते. ही म्हणते, तुम्ही फिरणं थांबवा, जमिनीच्या फरश्या झिजतील. मी फिरतो आहे.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा भाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. समितीला तुझ्या सहीचं एक पत्र हवं आहे, म्हणजे मला हवं आहे. मी कट करण्याच्या लायकीचा माणूस नसून जन्मापासून भित्रा आहे, हे तुझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार? उदाहरणं घाल. झोपाळा थांबवून मग मी बसायचो ते लिही. तू सायकल शिकवताना हात सोडणार आहेस या नुसत्या संशयावरून मी उडी मारली होती, तेही लिही. माझी अब्रू अजिबात राखू नकोस.

ता. क. भित्रा शब्द जड वाटला तर 'जपून वागणारा' लिही. नको. भित्राच लिही.

आत्या, हे खालचं मी लिहितेय, भुंगा. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. पाटी मी बघितलीच नव्हती गं. माझ्यासमोर गुणीचं मागचं चाक होतं, ते एकदम मंदावलं, मला जागा दिसली आणि मी घुसले. पाटी बिटी कुणाला दिसतेय. बाबा पायरीवर बसून रडत होते, म्हणून तसं बोलले. शनिवारी समितीला खरं काय ते सांगणार आहे. सांगावंच लागेल, गाडी मला सोडायची नाहीये. तू पत्र लिहू नकोस, तू स्वतः ये. ते सांगताना मला बाबांकडे बघवणार नाही. तू बघ त्यांच्याकडे.