रथसप्तमीचे एकवीस किलोमीटर

२८ डिसें., रवि.
आज सतरा कि.मी.! बाऱ्हाळी रोडनं साडेआठ गेलो, साडेआठ आलो. दम शाबूत. एका मोटारसायकलवाल्यानं ब्रेक मारून विचारलं, "काय झालं पाव्हणं? कोण लागलंय मागं?" कुणी नाही म्हटलं तर म्हणतो, "मंग बसा की गाडीवर!" डायलिसिसचं सांगत बसलो असतो तर टाइम गेला असता. मुखेडात मशीन आलं तर आमच्या वडलांसारख्यांना, अण्णांसारख्यांना, आठवड्यातून तीनदा पहाटेच्या एस.टी.नं नांदेड गाठावं लागणार नाही, एवढंच. त्याचे पैसे जमवायलाच लातूरची एक संस्था तिथं रेस घेतेय. २५ जाने., २१ कि.मी. आणि पळणार कोण, तर चाळिशीतला कॉलेजचा क्लार्क.

३ जाने., शनि.
घोडचूक. माझीच. माय कॅलेंडर घेऊन बसली होती. "रथसप्तमीला वर्षश्राद्ध. गुरुजीला सांगून ये."
म्हटलं, लई टाइम आहे, अण्णा चार फेब्रुवारीला गेले ना.
"तारखेनं कुठं श्राद्ध असतंय का रं?"
रथसप्तमी २५ जानेवारीला. रविवार. फॉर्म भरताना मोबाइलवर तारीख बघितली, तिथी डोक्यातही आली नाही. शिकलेला माणूस! आणि एकुलता एक, म्हणजे पिंड द्यायला मीच.

४ जाने.
जमतंय! रेस पहाटे साडेपाचला. साडेआठपर्यंत संपते. जीपनं मुखेड अडीच-तीन तास. श्राद्ध दुपारी बाराला. नाचावंसं वाटलं. रेखानं जमिनीवर आणलं, "अन् उपाशी पळणार का? श्राद्ध होईस्तोवर करणाऱ्यानं खायचं नसतंय." बायको बरोबर नको तेव्हा बरोबर असते.

५ जाने.
चुलत्यांना कळलं. बापूकाका ओट्यावरूनच सुरू झाले. "बापाला पाणी द्यायचं सोडून चड्डीवर पळून राहिला! लोक थुंकतील तोंडावर." मायनं माझी बाजू घेतली नाही, तेच लागलं. तिनं नाही म्हटलं तर जाणार नाही. पण अजून म्हटलेलं नाही...

९ जाने., शुक्र.
माय आज न सांगता गुरुजींकडे जाऊन आली!
"पाणी चालतंय म्हणले. लिंबू-मीठ टाकून घे. बाकी पोटात काय न्हाई."
मग म्हणाली, "ह्यांनी लई चकरा मारल्या नांदेडच्या. दुसऱ्याला नकोत." आणि भाकरी थापायला बसली. अण्णांबद्दल तिनं आपणहून काढलेला हा वर्षातला पहिला विषय. परसात जाऊन रडलो. मग बूट घातले, आठ कि.मी. कधी झाले कळलंच नाही.

१४ जाने.
संक्रांत. उपाशी पंधरा पळून बघितले. अकराव्याला डोळ्यांपुढे काजवे, दगडावर बसलो. लिंबूपाणी. उठलो. पुरे केले. घरी येऊन तिळाच्या पोळ्या किती खाल्ल्या, लिहीत नाही.

२४ जाने., शनि., लातूर
छातीवर लावायचा नंबर मिळाला. खाली एक ओळ मोकळी, 'कुणासाठी'. अण्णांचं पूर्ण नाव मावेना. 'अण्णा, मुखेड' लिहिलं. शेजारी उदगीरच्या एक बाई, त्यांनी 'माझी ताई' लिहिलेलं. ओळख ना पाळख, सगळे एकमेकांच्या छातीवरचं वाचतायत आणि मान हलवतायत. दुपारी एकदाच जेवलो, श्राद्धाच्या आदल्या दिवसाच्या नियमाप्रमाणे.

२५ जाने.
जीपमध्ये. अक्षर हलतंय.
झालं!! दोन तास एकोणपन्नास. सोळाव्याला पाय माझे राहिले नव्हते. शेवटी नुसता "अण्णा!" म्हणून ओरडलो. कडेच्या पोलिसाला वाटलं त्यालाच हाक मारली, त्यानं हात केला. पुढे केळी वाटत होते. घेतलं, वास घेतला, एका पोराला दिलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

११.५५. मुखेड सात कि.मी. उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी. अर्धा तास झाला, गाडी जागची हलत नाही. काकांचा फोन. "गुरुजीला पुढं दुसऱ्या गावाला जायचंय, एकपस्तोर बसतेत. सांगितलं नव्हतं का तुला?"
मग मायनं फोन घेतला. म्हटलं, माय, सात कि.मी.वर अडकलोय, चुकलंच माझं.
"सकाळी एकवीस पळालास न्हवं?"
हाव, म्हटलं.
"मंग साताला गाडी कशाला लागती? ये. पान मांडून ठिवते."

ताजा असताना साताला छप्पन्न मिनिटं लागतात. आता हातात पासष्ट, आणि मांड्या दगड झाल्यात. ड्रायव्हर म्हणतो, साहेब, येडे झाले का? पिशवी त्याच्याकडे देतोय, वहीपण. उतरतोय.