डाव्या बाजूचा हत्ती

ता. ३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

खोली बरी आहे. शेजारीण गाते, पण दार घट्ट लागतं. कारखान्यात मला चाचणी विभाग दिलाय.

आता आपला बुद्धिबळाचा डाव. माझा उंट मागच्या पत्रापासून तुमच्या डाव्या कोपऱ्यातल्या हत्तीवर तिरका रोखलेला होता. तुम्ही हत्ती हलवला नाहीत, म्हणून तो मी खाल्ला. गेल्या महिन्यात त्याच बाजूचा घोडाही असाच मिळाला. शिकवायचं म्हणून मुद्दाम सोडत असाल तर सोडू नका. फुकटची जीत नको. माझे हत्ती मात्र कोपऱ्यातच बसून आहेत. त्यांचं काय करू?

आईला नमस्कार. राग नसावा, उत्तर असावं.
तुमची मुलगी

ता. ११ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

मुद्दाम सोडायला मी काय दानधर्माला बसलोय? तुझा उंट दिसलाच नाही. शाब्बास.

हत्ती म्हणजे माझी क्रेन समज. रूळ मोकळा असेल तरच उपयोगाची. समोरचं प्यादं जाऊ दे, पट्टी मोकळी कर, मग दोन्ही हत्ती एकामागे एक लाव. उंट जोडीने सांभाळ. एक पांढऱ्या घरांचा, एक काळ्या; जन्मभर एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, तरी संसार नेटका. तुझी आई म्हणते, आमच्यासारखा.

बाकी ठीक. दाराच्या चौकटीवर माझा डावा खांदा रोज आपटतो. आई म्हणते, माज आलाय. माझी चाल: वजीर एक घर पुढे.

माया आहेच, ती मोजत बसू नकोस.
बाबा

ता. १८ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचा हत्ती खाऊन माझा उंट तुमच्या कोपऱ्यात अडकला होता. वजिराने तो सरळ खाता आला असता. माझी चूक मला पत्र टाकल्यावर कळली. तुम्हाला कळलीच नाही. उजवीकडे तुम्ही माझं एक प्यादंही सुटू देत नाही.

चुका विखुरलेल्या असल्या तर माणूस दमलेला असतो. एकाच बाजूला साचल्या तर आम्ही यंत्र बंद करतो. खांदाही डावाच. बाबा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये, आणि तुम्ही माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेता. डोळे तपासेपर्यंत क्रेनवर चढू नका. २६ तारखेपर्यंत तुमचं पत्र आलं नाही, तर मी मुकादमांना लिहीन.

मी चुकले असेन तर बरंच. लोभ कमी झाला तरी चालेल.
तुमची मुलगी

ता. २३ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्यावर दातओठ खाल्ले. तीस वर्षांत हातून एक नट खाली पडला नाही, आणि कालची पोर मला शिकवते! आईने पत्र वाचलं, तर तीही तुझ्याच बाजूची.

आज सकाळी वर चढलो. हूक रिकामा ठेवला. फिटरला ओरडून सांगितलं, डावीकडे माणसं उभी कर, कितीही. मान न वळवता मोजली. दोन. उतरून विचारलं तर तो म्हणाला, "पाच. त्यातला एक तर तुम्हाला हात करत होता."

क्रेनची चावी मुकादमांच्या हातात दिली. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातोय.

हात करणारा कोण, ते मी विचारलं नाही. या महिन्यात त्या बाजूवरून किती फेऱ्या केल्या, तेच आठवत बसलोय.

रागावलो होतो, आता नाही. लवकर ये.
बाबा