मरोळच्या पाटाला परका ड्राइव्ह

प्रिय सुबोध,

ज्यांच्या घरात, दुकानात, गाळ्यात एखादी धड चालणारी वस्तू आहे आणि ती बनवणारी कंपनी फोनवर सांगते आहे की आता ती चालणं बरं नव्हे, अशा सगळ्यांच्या वतीने मी हे लिहिते आहे. त्यात तू आलास, मी आले, आपली अख्खी कामगारांची संस्था आली, आणि आरे कॉलनीतल्या गुणाजींच्या तबेल्यातली एक म्हैसही आली. तिचं पुढे सांगते. तू म्हणशील, झाली हिची सभा सुरू. हो, झाली. तू व्हॉट्सअॅपचा ग्रुप सोडलास तेव्हापासून मला मध्येच तोडणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे कागदावर. बोरिवलीत बसून शेवटपर्यंत वाच.

गुणाजींचा साचा फुटला. दूध काढायच्या यंत्राचे ते रबरी कप, म्हशीच्या सडांना लावायचे, ज्यांचं ड्रॉइंग तू डोळे फोडून केलं होतंस, त्यांचा साचा उभा चिरला. नवा कापायचा तर तेच ड्रॉइंग हवं. आपल्या गाळ्यातला श्यामकांत म्हणाला, ड्रॉइंग कशाला, जुन्या कपाची मापं घेऊ. घेतली. पण वापरून वापरून रबर ताणलेलं होतं हे त्याच्या ध्यानात आलं नाही. नमुन्याचे कप घेऊन आम्ही दोघं तबेल्यात गेलो आणि गुणाजींच्या सगळ्यात शांत म्हशीने लाथ मारून आपलं विरोधी मत नोंदवलं. बादली एकीकडे, श्यामकांत दुसरीकडे. गुणाजी म्हणाले, बाई, तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे टाकतो. आता तुला माहीत आहे की संस्थेला बारमाही म्हणावं असं काम तेवढंच आहे. ते गेलं की गाळ्याचा पुढचा अर्धा भाग कुरिअर कंपनीला देण्याचा तुझा ठराव पुन्हा पुढे येणार, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर नसणार.

ड्रॉइंग पाटात होतं, आणि पाट बंद. अक्षता चव्हाण नावाची मुलगी तू संस्था सोडल्यावर आपल्याकडे आली, इंजिनिअर आहे, घाटकोपरची. तिला आधी समजावावं लागलं की पाट म्हणजे तुझं ते चपटं युनिक्स वर्कस्टेशन, आणि बसायच्या पाटासारखं दिसतं म्हणून श्यामकांतने त्याचं तसं बारसं केलंय. ती म्हणाली, मावशी, हे माझ्यापेक्षा मोठं आहे. मी म्हटलं, मग मान दे.

पाट बंद का पडला, तर दसऱ्यामुळे. तू जाताना त्याच्यावर लॉगिन करून तसाच उठून गेला होतास. यूपीएसच्या कृपेने तो कित्येक महिने उघडाच राहिला आणि आम्हाला वाटत राहिलं की तो असाच असतो. खंडेनवमीला श्यामकांतने नेहमीप्रमाणे गाळ्याचा मेन स्विच पाडला, प्रत्येक यंत्र खोलून पुसलं, तेल दिलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातले. दसरा झाल्यावर पाट सुरू केला तर त्याने पासवर्ड मागितला. तुझा.

श्यामकांत म्हणाला, फोन कर त्याला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, आणि नंतर तर रोज चहाबरोबर म्हणायला लागला. मी केला नाही. का, ते तुला मी सांगायला नको. त्या सभेत ठराव पडला तेव्हा तू उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला होतास, भाषणाने यंत्रं चालत नाहीत शुभा, आता माझ्याशिवाय चालवून दाखवा. त्या दिवशीचं माझं भाषण बरोबर होतं, आजही मी त्यातला शब्द मागे घेणार नाही. कामगारांनी मालकाकडून सोडवून घेतलेला गाळा पार्सलं ठेवायला द्यायचा नाही म्हणजे नाही. पण तुझं वाक्यही मला चावत राहिलं. एकदा गाळ्यात कुणी नसताना मी पाटासमोर उभी राहून त्याला सुनावून पाहिलं. चांगलं झालं भाषण. तो पासवर्डच मागत राहिला.

अक्षताने मार्ग काढला. तिचं म्हणणं, यंत्राच्या कुलपाची किल्ली नसली तरी मागचं दार असतं. पाटाबरोबर आलेली मूळ सीडी टाकून पाट सीडीवरून सुरू केला तर तो पासवर्ड विचारत नाही, आणि मग आत शिरून जुना पासवर्ड पुसून टाकता येतो. सीडी तर आपल्याकडे आहे, कपाटात, तू जपून ठेवलेली. पण पाटाला वायरीने जोडलेल्या बाजूच्या खोक्यातला सीडी ड्राइव्ह मेलेला. कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, मॅडम, या मॉडेलचं एन्ड ऑफ लाइफ झालंय. मी विचारलं, कुणाची लाइफ? मी जिवंत आहे, यंत्र जिवंत आहे, म्हैस जिवंत आहे. तो म्हणाला, सिस्टममध्ये तसं दाखवतंय. मग मी त्याला दुरुस्तीच्या हक्कावर जे काही सांगितलं ते तू ऐकायला हवं होतंस. ज्या वस्तूचे पैसे मोजून घेतले ती उघडायची, जोडायची, तिला दुसऱ्या कंपनीचा भाग लावायची मोकळीक नसेल, तर ती वस्तू विकलीच नाही, भाड्याने दिली. मुलगा शेवटी म्हणाला, मॅडम, पटतंय, पण माझा सुपरवायझर ऐकतोय.

मग आम्ही परक्या कंपनीचा ड्राइव्ह लावायचं ठरवलं. कुर्ल्याच्या भंगारातून पहिला आणला त्याचा प्लगच बसेना, तो घरगुती कॉम्प्युटरचा निघाला. दुसऱ्या खेपेला अक्षता स्वतः गेली आणि पन्नास पिनांचा, आपल्या जातकुळीचा प्लग असलेला घेऊन आली. खोक्यात बसवला. पाटाने त्याला ओळखलंही नाही. मग तिला कुठल्याशा जुन्या चर्चेत सापडलं की पाट सीडी ड्राइव्हला एकाच पत्त्यावर शोधतो, सहा नंबरला. आपला पाहुणा चार नंबरच्या खोलीत जाऊन बसला होता. नंबर बदलला, पडद्यावर त्याचं नाव उमटलं, श्यामकांतने टाळ्या वाजवल्या. सीडी टाकली, सुरू कर म्हटलं, आणि पाट ढिम्म. वाचता येत नाही म्हणाला.

यातली गंमत तुला माहीत असणार, पण मला नव्हती, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधे ड्राइव्ह सीडीवरचा मजकूर मोठ्या तुकड्यांनी देतात. आपला पाट सुरू होताना त्याच्या चौथाईचा तुकडा मागतो. म्हणजे हा चतकोर मागतोय आणि तो सबंध भाकरी ताटात टाकतोय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. जन्माचं भांडण व्हावं असा प्रकार. पण ड्राइव्हच्या पाठीवर पिनांची एक जोडी असते, तिच्यावर प्लॅस्टिकची जोंधळ्याएवढी टोपी बसवली की तोही चतकोर द्यायला लागतो. एवढंच. दोघांपैकी कुणाला भंगारात काढायची गरज नसते. हे मी गेल्या आठवड्यात मुलुंडच्या महिला मंडळात सुनांच्या संदर्भात सांगितलं, पुढच्या रांगेतल्या सासवांनी पदर सारखे केले.

ती टोपी आम्ही एका मेलेल्या हार्ड डिस्कवरून काढली. तरी झालं नाही. म्हणजे झालं आणि झालं नाही. कधी ड्राइव्ह दिसायचा, कधी गायब, कधी अर्धं वाचून अडकायचा. अक्षता रडकुंडीला आली. कुर्ल्याचा माणूस फसवतोय म्हणाली. मग तिने खोक्याची मागची बाजू फिरवली आणि विचारलं, इथे दुसऱ्या भोकात काही नव्हतं का, वायर नसलेला नुसताच एक प्लग? या सगळ्या माळेच्या टोकाला तो लागतो, नाहीतर सिग्नल भिंतीवर आपटून मागे येतात. श्यामकांत टेबल पुसायला लागला. मी म्हटलं, श्यामकांत. तो म्हणाला, अगं, त्याला वायरच नव्हती ना. ज्याला वायर नाही ते यंत्राला कशाला, असं वाटलं मला, म्हणून पुसून पूजेला ठेवला. आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून त्याने तो काढून आणला, वर कुंकवाचं बोट, खाली सुकलेला झेंडू. अक्षता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तो म्हणाला, हसा, पण सगळ्या गाळ्यात एवढी पूजा दुसऱ्या कुठल्या भागाची झाली नाही.

प्लग साफ करून लावला. सीडी फिरली. दुपारची वेळ होती, शेजारच्या गाळ्यातला प्रेस थोडा थांबला होता, त्यामुळे ड्राइव्हचा तो घुर्रर्र आवाज नीट ऐकू आला. ओळी वर सरकत गेल्या आणि शेवटी ते एकटं हॅशचं चिन्ह आलं, ज्याच्यापुढे तू बोटं मोडत बसायचास. कंपनीने मेलेला म्हणून सांगितलेला पाट, कुर्ल्याच्या भंगारातल्या परक्या ड्राइव्हवर, कुणालाही न विचारता उभा राहिला. मी गुणाजींना फोन करून सांगितलं की काम दुसरीकडे टाकू नका, कप मिळताहेत.

अक्षता म्हणाली, मावशी, आता दोन ओळी टाइप करते, सुबोधकाकांचा पासवर्ड गेला, मग रोजचं आपलंच राज्य. तिची बोटं कीबोर्डवर होती आणि मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, का? आणि सुबोध, आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचलं नाही. ती म्हणाली, वेड लागलंय का तुम्हाला, एवढं सगळं कशासाठी केलं मग? श्यामकांतने मात्र सीडीचं पाकीट तिच्यापुढे केलं. तो म्हणाला, पोरी, सीडी बाहेर काढ आणि पाट नीट बंद कर, मी चहा सांगतो. पाट बंद केला. गुणाजींना पुन्हा फोन करून सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. ते वैतागले, त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण थांबतो म्हणाले.

तर असं आहे. तू म्हणाला होतास चालवून दाखवा, ते चालवून दाखवलं. आम्ही अडलेलो असताना तुला फोन केला असता तर तू आला असतास, हे मला पक्कं ठाऊक आहे. पासवर्ड टाकला असतास, चहा न घेता परत गेला असतास, आणि आम्हाला कायमचं वाटलं असतं की आपण तुला कामापुरतं बोलावलं. आता आमचं काही अडलेलं नाही. मागचं दार आम्हाला सापडलंय, दोन ओळींत तुझं नाव त्या यंत्रातून पुसता येतं, आणि ते मला पुसायचं नाही. ठरावावर मी अजून तुझ्या विरोधातच आहे, वार्षिक सभेत पुन्हा भांडू, तुला हवं तेवढं बोलू देईन. पण समोर भांडायला तू नसलास की माझ्या भाषणात दम राहत नाही, हे गाळ्यात सगळ्यांच्या लक्षात आलंय, फक्त बोलत कुणी नाही. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी मरोळला गाळ्यावर ये, पाटासमोर बस, आणि तुझा पासवर्ड तुझ्या हाताने टाक.

तुझीच,
शुभा