सान फेरमिनचं छप्पर कुणाचं

केसोन सिटी,
४ जुलै २०११

ती. तिया कोन्सिंग हिस,
तुझा हात कपाळाला लावून जोव्हेलिनचा स. न. वि. वि.

फोनवर तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला तू फोन लावत नाहीस, म्हणून हे पत्र. विद्यापीठाच्या दप्तरखान्यातली माझी नोकरी कायम झाली. जुन्या वास्तुकारांचे नकाशे, पत्रं, टिपणं यांची नोंद करायची आणि ती जपायची, हे काम.

आता तुला आवडेल अशी बातमी. वास्तुकार एफ्रेन व्हिलासेका वारले, आणि त्यांच्या कचेरीनं सगळा ऐवज आमच्याकडे दिला. नकाशांच्या तीनशे गुंडाळ्या, पत्रव्यवहाराचे अकरा खोके आणि बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या फ्लॉप्या. नोव्हेंबरात त्यांचं मोठं प्रदर्शन भरणार आहे. आमचे संचालक डॉ. मार्केस म्हणतात की आपल्या देशात संगणकाच्या पडद्यावर इमारत काढणारा पहिला माणूस म्हणजे व्हिलासेका, आणि त्याचा पुरावा सान फेरमिनच्या बाजाराचं ते लाटेसारखं छप्पर.

मी ऐटीत सांगितलं की माझी मावशी, माझी तिया, त्यांच्या कचेरीत टायपिस्ट होती. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, तिला विचार, सर यंत्रासमोर कसे बसत, काय बोलत, असं काही आठवतं का. तर दोन ओळी आठवून लिही. आईची कंबर बरी आहे का? तुझ्या कोंबड्या कशा आहेत?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
जोव्हेलिन

---

गिम्बाल, इलोइलो,
१३ जुलै २०११

चि. इंदाय जोव्हेलिन हिस अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि तिसऱ्यांदा संतापानं. टायपिस्ट कोण? मी?

सर यंत्रासमोर कसे बसत ते विचारतेस. बसतच नसत. तीन वर्षांत त्यांनी त्या माउसला एकदा हात लावला, तोही तो पेपरवेट आहे असं समजून. बाहेर मोठ्या फळ्यांवर पुरुष आरेखक काम करत. संगणक आला तेव्हा त्यांना विचारलं, तर ते म्हणाले की बटणं बडवणं हे बायकांचं काम. म्हणून टायपिंग येणाऱ्या आम्हाला मागच्या कोठीत बसवलं. कोठीत एसी होता, त्यावरून बाहेरचे टोमणे मारत. तो एसी आमच्यासाठी नव्हता, यंत्रासाठी होता.

सान फेरमिनचं छप्पर कसं झालं ते ऐक. सरांनी हातरुमालाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं एक लाट काढून दिली आणि म्हणाले, हे करा. त्या काळच्या यंत्राला असलं वळण काढताच येत नव्हतं. मी आठ दिवस डोकं फोडलं. मग सुचलं की वळण काढायचंच नाही. सरळ फासळ्या घ्यायच्या, एकामागे एक, आणि प्रत्येक फासळी आधीच्यापेक्षा जराशी कलती ठेवायची. लांबून पाहिलं की लाट दिसते. एक चित्र पडद्यावर उमटायला वीस मिनिटं लागत. त्यात दिवसातून चार-चार वेळा वीज जाई आणि सकाळचं सगळं काम पाण्यात.

वीस वर्षं इथं शाळेच्या गणवेशांचे नमुने कापते आहे. कुणाला काही सांगायला गेले नाही, कारण कुणी विचारलं नाही. आता विचारलंत आणि तेही असं. तुझ्या डॉक्टरांना हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखव.

आईची कंबर बरी आहे, जीभ त्याहून बरी आहे. कोंबड्यांना तुझी आठवण येत नाही.

तुझ्यावर राग नाही, त्यामुळे लोभ पूर्वीइतकाच.
तुझी,
तिया कोन्सिंग

---

केसोन सिटी,
२३ जुलै २०११

ती. तिया हिस स. न. वि. वि.

आधी कान पकडते. तू कचेरीत जायचीस तेव्हा मी चार वर्षांची होते आणि घरी सगळे टायपिस्ट म्हणत. पण मी मोठी झाल्यावर तरी विचारायला हवं होतं.

तुझं पत्र डॉ. मार्केस यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले की म्हाताऱ्या माणसांना सगळं आपणच केल्यासारखं वाटतं. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी आमच्या तळघरातला जुना संगणक चालू केला आणि फ्लॉप्या एकेक करून उघडल्या. अर्ध्या बुरशीनं गेल्या आहेत. पण छपराच्या सगळ्या वाचल्या.

एक गोष्ट सापडली. कुणी नकाशा उघडला की ते यंत्र शेजारी एक छोटी नोंद ठेवायचं, कुलपासारखी, दुसऱ्या कुणी त्याच वेळी त्यात हात घालू नये म्हणून. उघडणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ. नकाशा नीट बंद केला की ती नोंद पुसली जायची. पण वीज गेली तर ती तशीच राहायची. तुमच्या वीज जाण्यामुळे अशा एकेचाळीस नोंदी राहून गेल्या आहेत. मला वाटलं, झालं, आता तुझं नाव दिसणार.

तिया, एकेचाळीसच्या एकेचाळीस नोंदींवर ‘ई. व्हिलासेका’ आहे.

डॉक्टरांना तर आभाळ ठेंगणं झालं. म्हणाले, माणूस विसरतो, यंत्र खोटं बोलत नाही. आता त्या नोंदी भिंतभर मोठ्या करून लावणार आहेत, सर सकाळी आठपासून कसे राबत ते दाखवायला. आणि आणखी एक. जागा नाही म्हणून पत्रव्यवहाराचे अकरा खोके रद्दीत काढायचं ठरलंय. नकाशे तेवढे महत्त्वाचे, फॅक्सचे कागद तर कोरेच पडलेत, असं त्यांचं म्हणणं.

मला खरं सांग, हे नाव कसं आलं? मी तुझ्यावर विश्वास ठेवते, पण माझ्या हातात काही नाही.

राग माझ्यावर काढ, लोभ मात्र ठेव.
जोव्हेलिन

---

गिम्बाल,
१ ऑगस्ट २०११

चि. जोव्हेलिन हिस अ. आ.

यंत्र खोटं बोलत नाही, हे त्या डॉक्टरला कुणी शिकवलं? यंत्राला जे सांगावं ते बोलतं. दुकानाचा माणूस यंत्र बसवायला आला, त्यानं विचारलं मालकाचं नाव काय, आणि तेच भरून ठेवलं. मग ते कधी बदललं नाही. आम्ही तिघीही सरांच्याच नावानं आत शिरायचो. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. कपाटाच्या किल्लीवर कुणाचं नाव आहे ते कोण बघतं?

आता माझं नीट ऐक. तारखा बघ. १९९२ सालच्या एप्रिलच्या शेवटी सर स्पेनला गेले, सेव्हिलच्या जत्रेला, जिथे जगभरचे देश मोठमोठे मंडप बांधून बसले होते. चांगले चार आठवडे तिकडे होते. छपराचं खरं काम त्याच दिवसांत झालं, कारण सर नसले की दर तासाला कुणी येऊन मान हलवत नसे. त्या आठवड्यांतल्या नोंदी तुझ्याकडे असतील तर विचार डॉक्टरला, की सेव्हिलमध्ये बसून केसोन सिटीतलं यंत्र कसं चालवलं म्हणून. इंटरनेट नव्हतं तेव्हा.

सर तिकडून फॅक्स पाठवायचे. आमच्या मुख्य लिपिकबाई ते सगळे लावून ठेवत. ते अकरा खोक्यांत असणार. फॅक्सचा तो चकचकीत कागद उन्हानं, उष्णतेनं फिका पडतो, पण अक्षरं सगळी जात नाहीत. दिव्यासमोर तिरका धर. कोरा म्हणून फेकणाऱ्याचे हात पकड. गरज पडली तर खोक्यांवर बसून राहा, मी तुला आजारपणाचा दाखला पाठवते.

तुझ्या आईनं सुकट धाडली आहे. कचेरीत उघडू नकोस.

काळजी घे, पण फार नको.
तिया

---

केसोन सिटी,
१२ ऑगस्ट २०११

ती. तिया हिस स. न. वि. वि.

खोक्यांवर बसावं लागलं नाही, पण रद्दीवाल्याच्या गाडीतून चार खोके परत उतरवून घेतले. तो म्हणाला, बाई, कोऱ्या कागदांसाठी एवढं काय भांडता.

आठव्या खोक्यात सेव्हिलच्या हॉटेलचे फॅक्स मिळाले. फिकट तपकिरी, जणू कुणी चहा सांडून पुसलाय. टेबलावरचा दिवा आडवा ठेवून एकेक अक्षर वाचलं. त्यातल्या सहा मेच्या फॅक्सवर सरांच्या हातचं आहे ते तसंच लिहिते: “कोन्सिंगला सांगा, मासळीच्या बाजूला फासळ्या दाट असाव्यात असं वाटतं. मला इथून डोळ्यांसमोर येत नाही, तिला येतं. तिलाच ठरवू दे.”

आणि सहा मे रोजी सकाळी सव्वादहाला ‘ई. व्हिलासेका’नं छपराचा नकाशा उघडल्याची नोंद आहे. त्या चार आठवड्यांतल्या अशा सतरा.

दोन्ही कागद डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्हींवरच्या तारखा बोटानं पडताळल्या. मग म्हणाले, असं बघ, मोठ्या माणसाच्या हाताखाली हात असतातच, भिंतीवर गवंड्याचं नाव लिहितो का आपण? मी म्हटलं, सर, त्या माणसानं स्वतः लिहिलंय की तिला दिसतं, मला दिसत नाही. मेलेला माणूस कबूल करतोय आणि तुम्ही त्याच्या वतीनं नाकबूल करताय. मग सांगितलं की प्रदर्शनातल्या वस्तूंच्या खरेपणाच्या कागदावर नोंद करणारी म्हणून माझी सही लागते. ती मी करणार नाही. आणि दोन्ही कागद उचलून माझ्या खणात कुलूपबंद केले.

दोन दिवस गेले. काल बोलावून म्हणाले की पाटीवर आणखी एक नाव बसेल, तुझं. ‘वास्तुकार एफ्रेन व्हिलासेका, साहाय्य कोन्सोलासियोन देलेना.’ मी ‘साहाय्य’ काढून ‘आरेखन’ घालून घेतलं. भिंतभर नोंदी आता सेव्हिलच्या तारखांसकट लावणार आहेत, आणि खोके ठेवून घेणार आहेत.

तिया, जिंकलो आपण. बाचोयचा, आपल्या इलोइलोच्या त्या शेवयांच्या सुपाचा, मोठा वाडगा खाल्ला तुझ्या नावानं.

असाच लोभ वाढू दे.
जोव्हेलिन

---

गिम्बाल,
२० ऑगस्ट २०११

चि. जोव्हेलिन हिस अ. आ.

शाबास. तू साहेबाला सही नाकारलीस हे आईला सांगितलं नाही.

पण ही पाटी मला नको. माझं एकटीचं नाव लागलं तर माझ्यात आणि डॉक्टरात फरक काय राहिला? आम्ही तिघी होतो, हे मी मागच्या पत्रात लिहिलं, आणि तूही पुढे विचारलं नाहीस. नेनिता किहानोनं पावसाचं पाणी कुठून वाहील ते सगळं काढलं. त्या बाजारात आजही पाणी साठत नाही ते तिच्यामुळे. ती २००३ मध्ये गेली. आणि बेबीनं प्रत्येक फासळी किती लांब कापायची त्याचा हिशोब वहीत हातानं मांडला, कारण यंत्र आकडे गोल करायचं आणि शेवटची फासळी वीतभर आखूड पडायची. सुतारांनी तिचीच यादी भिंतीला चिकटवून लाकूड कापलं. बेबी नसती तर माझी लाट पडद्यावरच राहिली असती.

तुला बेबीचं आडनाव लिहावं म्हणून पेन उचललं, आणि मला ते माहीत नाही. आडनाव सोड, नावही नाही. बेबी हे काय नाव आहे? तीन वर्षं एका बाकावर बसले, तिच्या डब्यातला भात खाल्ला, तिच्या लग्नात नाचले, आणि मी कधी विचारलं नाही. पगाराच्या कागदावर लिपिकबाई सुद्धा ‘बेबी, कोठी’ असं लिहायच्या. इंदाय, पोरी, महिनाभर मी सगळ्या जगाला शिव्या घालते आहे. काल रात्रीपासून स्वतःला घालते आहे.

ती सिलायची होती, एवढं नक्की. पुढच्या आठवड्यात बाकोलोदची बोट पकडून तिकडे जाते. त्याआधी कळव, पाटी कधी छापणार. तोवर डॉक्टरला म्हणावं, हात आवर.

तिया कोन्सिंग

---

केसोन सिटी,
२७ ऑगस्ट २०११

ती. तिया हिस स. न. वि. वि.

जलद टपालानं पाठवते. डॉक्टर म्हणाले, उद्या शिपायाचंही नाव मागाल. मी म्हटलं, त्यानं फासळ्या मोजल्या असतील तर मागेन. पाटी मोठी करायला तयार झाले. आनंदानं नाही, पण झाले. छपाई वीस सप्टेंबरला. त्याआधी आडनाव मिळालं नाही तर नुसतं ‘बेबी’ छापतील.

तिया, तिघी हा शब्द मी वाचला होता आणि पुढे गेले होते. तुझ्या शिव्यांतल्या अर्ध्या मला दे.

बोटीत खिडकीशी बसू नकोस, तुला लागतं.
तुझी,
जोव्हेलिन

---

सिलाय,
७ सप्टेंबर २०११

चि. जोव्हेलिन हिस अ. आ.

सापडली. चर्चमागे शाळेजवळ भाताच्या वड्या विकते. मला पाहून आधी म्हणाली की जाडी झालीस, आणि मग रडली. मीही, तुला काय सांगायचं.

नाव का कधी सांगितलं नाहीस म्हणून भांडले. तर म्हणते, सगळ्या मनिलात पहिल्या संगणकावर बसलेली मुलगी आणि नाव प्रिमितिवा, म्हणजे आदिम. बाहेरच्या फळीवाल्यांनी जन्मभर हसं केलं असतं. त्यापेक्षा बेबी बरी. मी म्हटलं, मग पाटीवर बेबीच घालायचं का? तिनं गिऱ्हाइकाच्या वड्या पानात बांधून दिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर हात धुतले, कोरडे केले आणि माझ्यापुढचा कागद ओढून घेतला. म्हणाली, तू लिहू नकोस, तुझं अक्षर पहिल्यापासून घाणेरडं आहे.

छापणाऱ्याला सांग की पुन्हा टाइप करू नकोस, खाली आहे तसंच उचल. तिच्याच हातचं आहे.

आम्हा दोघींचा लोभ.
तिया कोन्सिंग

प्रिमितिवा लोपेना गासाताया