एक्स्ट्रा डिम

१८ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प. घरगुती उपचारांचं अकराशे चाळीस पानांचं पीडीएफ मिळालं आहे. रोज वीस पानं वाचली की संक्रांतीपर्यंत मी अर्धा वैद्य. सकाळ-दुपार शाळेची व्हॅन, संध्याकाळी राजापेठेतल्या ट्यूशनची फेरी, म्हणजे वाचायला वेळ फक्त साडेनऊनंतर. पण बायकोला, साधनाला, पहाटे चारला उठून मेसचे डबे करायचे असतात. म्हणाली, लाईट बंद करा, नाही तं डबे तुमीच करा. बंद केला. अंधारात फोन म्हणजे अंगावर आलेला ट्रक. ब्राईटनेस पंचवीसवर आणला. उत्तम सोय. सहा पानं झाली. उरलेली चौदा उद्याच्यात धरू.

२३ नोव्हेंबर, शनिवार
उजव्या भुवईवर तीन दिवस ठणका. कारण उघड आहे, पंचवीससुद्धा जास्त होतं. सत्तारभाईंच्या मोबाईल दुकानात गेलो. त्यांनी सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रा डिम' नावाचं बटण दाखवलं, पान काळं आणि अक्षरं राखाडी करून दिली. वर म्हणाले, भाऊ, इतकं कमी काहून करून राहिले? एकदा डोळे दाखवा ना कोणाले. मी त्यांना समजावलं की दुखतंय उजेडानं आणि मी उजेडच काढून टाकतोय. ते नवीन चार्जर दाखवायला लागले.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
ब्राईटनेस दहा. डोकं रात्री दहा वाजायच्या सुमारास चढतं, सकाळी उठलं की साफ. म्हणजे उपाय लागू पडतोय.
पान ८४ प्रमाणे अर्धं डोकं दुखणं हे पित्त. काळ्या मनुका खाव्या. डब्यात होत्या तेवढ्या खाल्ल्या. त्या मेसच्या खिरीसाठी होत्या म्हणे.
हिशेबानं आज पान २४० हवं होतं. मागे आहे, पण खोलवर वाचतोय.

४ डिसेंबर, बुधवार
गंमत. खिडकीतून दिसणाऱ्या खांबावरच्या दिव्याला रात्री रंगीत कडी दिसली. चंद्राला खळं पडतं तशी, पण निळी, मग पिवळी, बाहेरून लाल. बराच वेळ पाहिलं. स्क्रीनचा उजेड डोळ्यांत साठत असणार आणि असा बाहेर पडत असणार. पीडीएफमध्ये हे नाही. पुढच्या आवृत्तीसाठी त्यांना कळवावं.
ब्राईटनेस शून्य केला. बाहेरचा दिवाही नको म्हणून पालथं पडून, डोक्यावरून चादर घेऊन वाचतो. तीन पानं झाली. अक्षरं पुसट आहेत, स्कॅन करणाऱ्यानं घाई केली आहे.

८ डिसेंबर, रविवार
अकोल्याला साधनाच्या भाचीचा, पौर्णिमाचा साखरपुडा. मांडवात तिघांना पित्तावर सल्ला दिला. एकानं लिहून घेतला.
निघायला उशीर झाला, दिवस मावळला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला कडी. हे नवीन पांढरे लाईट सरकारनं बंद करायला पाहिजेत. मूर्तिजापूर सोडल्यावर साधना ओरडली, ट्रॉली! ट्रॉली! दाबला ब्रेक. कापसाची ट्रॉली बोनेटपासून हातभर. मागे लाल दिवा नाही, चूक सरळ त्याची. साधना म्हणते, दोन मोठे रिफ्लेक्टर चमकून राहिले होते, मले पार लांबून दिसले. बाजूच्या सीटवरून जास्त दिसतंच.
ती घराच्या दारात म्हणाली, उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे, पीडीएफ संपू दे, मग डॉक्टरलाच दोन गोष्टी सांगता येतील.

१२ डिसेंबर, गुरुवार
ट्यूशनची फेरी. हल्ली सहालाच अंधार पडतो. क्लासच्या फाटकातून व्हॅन बाहेर काढताना उजवा आरसा गेला आणि दारावर लांब ओरखडा उठला. फाटक आहेच अरुंद. रोज त्यातूनच काढतो ही गोष्ट वेगळी. आत पाच मुलं होती. किंचाळली. मुलं कशालाही किंचाळतात. त्यातली अफिफा घरी उतरेपर्यंत समोरची सीट घट्ट धरून बसली होती.
साधनाला सांगितलं, माकडानं आरसा तोडला. तिनं ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि आत गेली.

१७ डिसेंबर, मंगळवार
रात्री सव्वादहा. सापडलं! असं ॲप आहे की शून्याच्याही खाली नेता येतं. चादरीत ठार काळोख आणि त्यात तेवढी अक्षरं. हेच हवं होतं. आज चाळीस पानं.

रात्री बारा. पित्त. दोनदा उलटी. उजवी बाजू कोणीतरी पान्यानं आवळतंय. गुलाबपाणी घातलं, तळपायाला तूप चोळलं. उलटीचं पान शोधतोय. उजव्या डोळ्यासमोर नुसतं धुकं. फोन बिघडला असावा. उद्या सत्तारभाई.

पहाटे चार. साधनानं लाईट लावला. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कणकेची परात तशीच बाजूला सारली. म्हणे डोळा लाल गोळा झाला. डब्यांचं काय, असं विचारलं. ती रिक्षा बोलवायला गेली.

२१ डिसेंबर, शनिवार
डाव्या डोळ्यानं, मोठ्या अक्षरांत.
डॉक्टरबाई तरुण आहेत. डोळ्याचा दाब विसाच्या आत पाहिजे, माझा चौपन्न निघाला. सलाईन, गोळ्या, ड्रॉप, मग लेसर. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट माझी मुळात अरुंद. अंधारात बाहुली मोठी होते आणि ती वाट बुजते. त्यात पालथं पडणं. बाई म्हणाल्या, तुम्ही उजेड जेवढा कमी करत होता तेवढी वाट बंद करत होता. लाईट लावून वाचलं असतं तर कदाचित इतक्यात हे झालं नसतं. मी त्यांना पित्ताचं सांगायला लागलो. साधनानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.
डाव्याला खबरदारी म्हणून लेसर करून ठेवलं, तो वाचेल. उजव्याचं गेलं ते गेलं. समोर हात धरला तर हात आहे एवढं कळतं, बोटं मोजता येत नाहीत. मी विचारलं, महिनाभरात येईल ना? बाईंनी हेच परत सांगितलं, जरा हळू. गाडीचं विचारलं. मुलांची व्हॅन आता नाही, म्हणाल्या.

दुपारी व्हॅनमधल्या मुलांच्या अकरा घरांना फोन करायचे होते. गाडी गॅरेजला आहे, आठ दिवसांत येते, असं सांगायचं ठरवलं होतं. पण साधना नंबर लावून देत समोरच बसली होती, म्हणून खरं सांगितलं. पहिला अफिफाच्या घरी. तिची आजी रहिमाबी ऐकून घेऊन म्हणाली, बरं झालं बेटा, तुमीच सांगतलं. आरसा गेला त्या दिवशीच आमी सगळ्या घरांनी मिळून दुसरी गाडी पाहून ठेवली. फक्त तुमाले सांगावं कसं, ते कोणाले सुचून नव्हतं राहिलं. मग डोळ्याची काळजी घ्या म्हणाली, दुवा दिली.
उरलेल्या दहा घरांना नुसती आठवण करून दिल्यासारखं झालं. कोणी रागावलं नाही. डोळ्याची चौकशी सगळ्यांनी केली. व्हॅन परत कधी सुरू करता, हे एकानंही विचारलं नाही. प्रत्येक फोनवर शेवटी मीच विचारलं, अजून काही? मग साधनानं पुढचा नंबर लावला.